सव्विसावं पिंप

पोस्टिंगचा कागद मिळाला त्या दिवशी ट्रेनिंग सेंटरमध्ये एकच प्रश्न चालला होता, कुठे? कुणाला लडाख मिळालं, कुणाला आसाम. माझ्या कागदावर लिहिलं होतं, ॲम्युनिशन डेपो. गावाचं नाव सांगत नाही. सगळी नोकरी जीभ आवळून काढली, ती सवय आता सुटणार नाही. घाटकोपरला आमच्या चाळीत शेजाऱ्यांकडे फोन होता, तिथे लावला. आई धापा टाकत आली.

"बंदुकीचो कारखानो काय रे?"

"कारखानो नाय गो, कोठार."

"म्हणजे राखणदारच मां?"

"तसाच."

तिला बरं वाटलं. वडील गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीचे वॉचमन झाले होते. पोरगाही राखणदार झाला, म्हणजे वळण सुटलं नाही.

मी विष्णू परब, निवृत्त सुभेदार, राहणार मुलुंड. माझा ट्रेड ॲम्युनिशन टेक्निशियन. सैनिक म्हटला की तुम्हा सिव्हिलियन लोकांना बॉर्डर, बंकर आणि रायफल दिसते. पण ती गोळी कुणीतरी कोरड्या जागी ठेवलेली असते, तपासलेली असते, मोजलेली असते, म्हणून ती वेळेवर सुटते. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. आमच्यावर कुणी गाणी लिहीत नाही, आणि तेच बरं. आमचं नाव पेपरात आलं, तर समजायचं वाट लागली.

डेपोत साडेपाचला पीटी, साडेसातला फॉल-इन, आठला कोठाराच्या दारात. दारासमोर जमिनीवर लाल पट्टा आखलेला. पट्ट्याअलीकडे बूट, बेल्ट, घड्याळ, चाव्या, खिशातली नाणी, सगळं काढून ठेवायचं. वायरलेस सेटही बाहेर. आत अनवाणी जायचं. लोखंड आत न्यायचं नाही, टाचणीसुद्धा नाही. हातोडी तांब्याची, पाचर लाकडाची. खोली झाडायचा खराटा सुतळीने बांधलेला.

हे सगळं मला शिकवलं हवालदार किसन जगदाळे यांनी. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. सातारा जिल्ह्यातले, अंगाने काटक, मिशी भरघोस, आवाज असा की कोठाराच्या आतून बोलले तरी गार्डरूममध्ये ऐकू यावं. त्यांचे आजोबा-पणजोबा जत्रेसाठी शोभेची दारू बनवायचे. उस्ताद म्हणायचे, "आमच्या घरात चूल परसात आणि दारू माळ्यावर. दोघींची गाठ कधी पडू दिली नाही, म्हणून मी तुझ्यासमोर उभा आहे."

तीन नंबरच्या बेमध्ये, म्हणजे कोठाराच्या तिसऱ्या खोलीत, काळी दारू असायची. सलामीच्या तोफांचे चार्ज. उस्ताद तिला 'म्हातारी' म्हणायचे. पहिल्याच दिवशी मला पट्ट्यावर उभं करून त्यांनी विचारलं, "परब, सगळ्यात धोक्याची कुठली?"

मी आधुनिक स्फोटकांची दोन-तीन इंग्रजी नावं फेकली. ट्रेनिंग सेंटरची घोकंपट्टी ताजी होती.

"गाढवा," ते म्हणाले, "त्या सगळ्या शहाण्या आहेत. नीट सांगितल्याशिवाय पेटत नाहीत. आणि वय झालं की सडतात. म्हातारी सडत नाही. कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीसुद्धा एका ठिणगीत नाव सांगते."

सोरा, गंधक आणि कोळसा. एवढंच तिचं भांडवल, पण जगाचा इतिहास त्यावर फिरला. उस्ताद दुपारच्या चहाला तो इतिहास सांगायचे. पुस्तकातला नाही, कारागिराचा. बिहारकडे मातीतून सोरा काढून जगणारी माणसं होती. पावसाळा संपला की गोठ्यांतली, भिंतींच्या बुडाची खारवट माती खरवडायची, पाण्यात घोळवायची, उकळायची. ते स्फटिक होड्यांतून आणि गलबतांतून सातासमुद्रापार गेले. हलक्या लाकडाचा कोळसा, शुद्ध केलेला गंधक. आधी उखळात कुटायचे, मग बैलांवर फिरणारी दगडी चाकं आली, मग पाण्यावर चालणारी. कुटताना ओली ठेवायची, नाहीतर कारखान्यासकट माणसं जायची, आणि जातही होती. आपल्याकडे किल्ला बघायला जाल तेव्हा दारूकोठार शोधा. वाड्यापासून लांब, भिंती जाड आणि छप्पर हलकं. भडका उडालाच तर वर जावा, बाजूला नको, एवढा विचार त्या गवंड्याने केलेला असतो. मुंबईत तर एका आख्ख्या भागाचं नाव दारूखाना आहे. आज तिथे भंगार आणि गोदामं.

मग बिनधुराची दारू आली आणि म्हातारीचे दिवस फिरले. रायफलमधून गेली, तोफेतून गेली. दगडी चाकं थांबली, कारखाने एकेक करून बंद झाले. उरली ती सलामीला, फ्यूजच्या वातीत, आणि काही वर्षं दगडाच्या खाणींत. पुढे खाणींनीही नवी स्फोटकं घेतली. उस्ताद म्हणायचे, "हिच्याबरोबर हिला सांभाळणारे पण संपणार बघ. दारू राहील कुठल्यातरी कोपऱ्यात, आणि तिची रीत माहीत असलेला एकही माणूस नसेल. तेव्हा खरा धोका."

त्या रीतीतली एक गोष्ट आमच्या डेपोची खास होती. बे रिकामी झाली की शेवटचा झाडू एकच माणूस मारायचा, आणि तो सगळ्यात सीनियर. "शेवटचा झाडू उस्तादाचा," असं म्हणायचे. एक माणूस आत, एक लाल पट्ट्यावर. झाडून झालं की आतला ओरडणार, "बे साफ! गिनती पूरी!" बाहेरचा उत्तर देणार, "बंद करो!" मगच दार लागायचं. सेट बाहेर असल्यामुळे सगळा मामला घशावर.

मार्च महिन्यात तीन नंबर बे रिकामी करायचा हुकूम आला. खराटे स्टोअरमधून मी आणले. नवा माल होता, मुठीवर कापड गुंडाळलेलं. कापड मी पाहिलं. कापडाच्या आत पाहिलं नाही.

अकरा-चाळीसला उस्ताद आत झाडत होते. मी पट्ट्याबाहेर पोचाऱ्यासाठी बादल्या भरत होतो. मोठा आवाज झाला नाही. मोकळी दारू फुटत नाही, भडकते. फुस्स झालं आणि दारातून पांढरा धूर आला. तीन आणि चार नंबरच्या मध्ये एक आतलं दार होतं, ते हवेसाठी उघडं होतं. चार नंबर भरलेली होती, आणि पलीकडे गार्डरूममध्ये नऊ जण. धुरातून मला ते दार लागल्याचा आवाज आला. कडी पण लागली. अंगावर आग घेऊन माणूस बाहेर पळतो. उस्ताद आत गेले आणि त्यांनी कडी लावली.

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये ते तिसऱ्या दिवसापर्यंत होते. शुद्धीवर आले तेव्हा एकच विचारलं.

"चार नंबर?"

"सलामत, उस्ताद."

"गार्डरूम?"

"नऊच्या नऊ जण सलामत."

"मग रडतोस काय?" ते म्हणाले. संध्याकाळी गेले.

खराट्याची राख झाली होती. मुठीतली लोखंडी तार उरली होती. कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोर मी उभा राहून सांगितलं, खराटा मी आणला, तपासला नाही. मला सिव्हियर रेप्रिमांड, म्हणजे कडक लेखी ताकीद मिळाली. ती सर्व्हिस बुकात बसली, आणि माझ्या छातीत त्याच्याआधीच बसली होती. त्यांनी "गिनती पूरी" म्हटलं नाही. मला "बंद करो" म्हणायची वेळ आली नाही. तो दिवस माझ्यापुरता उघडाच राहिला.

नऊ वर्षं गेली. मी नायब सुभेदार झालो आणि मुंबईत पोस्टिंग मिळाली. दिवाळी नुकतीच संपली होती. सकाळी सहा-चाळीसला कॅप्टन बिश्त यांचा फोन आला. कुमाऊंचे, वय अठ्ठावीस, डोकं तल्लख, पाय सतत जीपकडे.

"साहब, सिविल से रिक्विज़िशन आई है। घाटकोपर। पुरानी खदान में कुछ मिला है।"

"क्या मिला, सर?"

"लकड़ी के ड्रम। काला दाना।"

मी कान टवकारले. घाटकोपरची डोंगराकडची खाण म्हणजे माझं लहानपण. रोज दुपारी साडेबाराला भोंगा व्हायचा. आई ओरडायची, "मांडणी धर रे, भांडी पडतली!" मी दोन्ही हातांनी मांडणी धरून उभा राहायचो. मग धडाम. घर हलायचं, आई म्हणायची, "झाला, आता जेव." खाण बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. आता तिथे टॉवर उभा राहणार होता. पोकलेनवाल्याने झुडपांतला ढिगारा ओढला आणि मागून दगडी खोलीची भिंत निघाली. खोलीत पिंपं. एका मजुराला वाटलं कोळशाचा चुरा. त्याने चिमूटभर चुलीत टाकला. बिचाऱ्याच्या भुवया गेल्या, डोळे वाचले, देवाची कृपा.

सात-पन्नासला आम्ही पोचलो. मी, कॅप्टन साहेब, लान्स नायक यादव आणि सहा जवान. खोलीच्या खालच्या उतारावर साठ-पासष्ट घरांची वस्ती. पत्र्याला पत्रा, भिंतीला भिंत. खोलीत वरपर्यंत पिंपं रचलेली. वरचा ढिगारा निघाल्यामुळे खोली उघडी पडली होती, आणि दिवाळीचे उरलेले फटाके पोरांच्या खिशात होते. म्हणजे एक रॉकेट तिरपं गेलं असतं तर ती वस्ती उतारावर राहिली नसती. इतकं साधं गणित होतं.

बिल्डरचा सुपरवायझर हेल्मेट काखेत मारून आला. "साहेब, किती वर्षांची जुनी आहे. मेलेली असणार. उगाच कामाचा खोळंबा."

मी तिळाएवढी चिमूट कागदावर घेतली, लांब उघड्या कातळावर नेली आणि काडी लावली. फुस्स. पांढरा धूर, गंधकाचा वास. सुपरवायझर तीन पावलं मागे गेला.

"ही मरत नाही," मी म्हटलं. "आता माणसं बाहेर काढू या?"

महापालिकेच्या एका इंजिनियरने विचारलं, हे सगळं ट्रकने देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर नेऊन टाकता येईल का? माणूस सज्जन होता, पण काय बोलावं! "अहो साहेब, तिथे कचरा आपला आपण पेटतो. त्यात दारू नेऊन टाकायची? मग देवनारच हलवावं लागेल." तो हसला, मीही हसलो. बरं झालं, त्यामुळे जवानांचे खांदे सैल झाले. कॅप्टन साहेबांच्या डोक्यात फायर ब्रिगेडचा पाइप होता. मी सांगितलं, पाण्याचा जोर पिंपांना पाडेल, आतली दारू कोरडीच राहील, आणि भिजलेली परत वाळली की परत जिवंत. त्यांनी लगेच तो बेत सोडला.

"आप बताइए, साहब।"

"हाथ से, सर। एक-एक करके। नंगे पैर."

नऊ वाजेपर्यंत पोलिसांनी वस्ती रिकामी केली. सगळे महापालिकेच्या शाळेत गेले. एक बाई हलेना. शेवंताबाई. सत्तरीच्या पुढची, वडार समाजातली, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, घर खोलीपासून चाळीस पावलांवर. काठी घेऊन उंबऱ्यात बसली होती. पोलीस कंटाळले म्हणून मी गेलो.

"आजी, उठा. धोका आहे."

"मला सांगतो व्हय धोका? माझा नवरा सुरुंगाचा मुकादम हुता. ह्या खोलीवर मी जलम काढलाय. दर दिवाळीला पोरांच्या पाठीत काठ्या घातल्यात, इकडं फटाका आणू नका म्हणून."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! खाणवाला पळून गेला, हापिसाला कुलूप. नगरशेवकाला सांगितलं, त्यो म्हणला बघतो. अजून बघतोयच!"

मी हसू दाबलं. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी बूट काढलेले होते.

"अनवाणी जानार?" तिने विचारलं.

"हो."

"आमचं हे पण तसंच जायाचे. मला बांगड्या घालून पट्ट्याच्या आत कधी येऊ दिलं न्हाई." ती उठली. "तुम्हाला रीत ठावं हाय. जाते मी शाळेत."

काय सांगू, मला एकदम उस्ताद आठवले. एक डेपोतला हवालदार, एक खाणीतला मुकादम. एकमेकांना कधी भेटले नाहीत. रीत मात्र एकच, बूट काढून ठेवण्यापर्यंत.

मी खडूने दारासमोर पट्टा ओढला. यादवला पट्ट्यावर उभा केला, सेट त्याच्यामागे दहा पावलांवर. दोघे आत, दोघे वाटेवर, दोघे खाणीच्या तळाशी. प्रत्येक पिंप दहा-अकरा किलोचं, तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून आणायचं. नऊ-वीसला पहिलं बाहेर आलं. कॅप्टन साहेबांनी स्वतः बूट काढले आणि वाटेवर उभे राहिले. मला तो पोरगा तिथेच आवडला.

आतल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. मुकादमाचा स्टॉक. पिंप आलं की उभी रेघ, वापरलं की आडवी. आडवी न मारलेल्या रेघा मी दोनदा मोजल्या. सव्वीस.

दोन-दहाला खोली रिकामी झाली. खाणीच्या तळाला पिंपं होती पंचवीस.

सेटवर पोलिसांचा निरोप आला. लोक विचारताहेत, घरी सोडू का? बाया-माणसं सकाळपासून उपाशी, लहान मुलं रडताहेत. कॅप्टन साहेब पट्ट्यावर आले.

"साहब, ऑल क्लियर दे दें?"

"गिनती पूरी नहीं है, सर।"

"दीवार पर कोयले की लकीर है। अनपढ़ आदमी था। एक इधर-उधर हो सकता है।"

"नहीं हो सकता, सर।"

"आप श्योर हैं?"

श्योर कुठून असणार? पण एकदा मी कापडावर विश्वास ठेवला होता, आत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, बुढ़िया को बुला लीजिए।"

शेवंताबाई आली. सगळं ऐकून घेतलं आणि चिडली.

"त्यांना ल्ह्यायला येत नव्हतं, मोजायला येत हुतं! सव्वीस म्हंजे सव्वीस. मागच्या कोपऱ्यात बघितलं का? तिथं भिंतीला ओल यायची, वाळवी लागायची."

मी परत आत गेलो. मागच्या कोपऱ्यात फरशीवर फळ्या होत्या, तांब्याच्या खिळ्यांनी बसवलेल्या. लाकडी पाचरेने पहिली फळी उचलली. खाली एक पिंप मावेल एवढा खळगा, त्यात तांब्याच्या चार कड्या पडल्या होत्या, आणि कातळाच्या भेगांत काळी दारू, ओंजळी-ओंजळीने. वाळवीने पिंप खाल्लं होतं आणि दारू तेवढी ठेवली होती. सव्विसावं पिंप. ऑल क्लियर दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोकलेनचा लोखंडी दात नेमका तिथे बसला असता, आणि खाली साठ-पासष्ट घरांत चुली पेटलेल्या असत्या.

बाहेर येऊन मी सांगितलं. कॅप्टन साहेबांनी सेटवर दोन शब्द टाकले. "वेट। आउट।"

हातपंपाने आम्ही पाण्याचा फवारा मारला. वरचा थर ओला झाला, खालचा भेगांत कोरडाच. आमचे मऊ ब्रश भेगेत जाईनात. झाडूच हवा होता. महापालिकेचा एक माणूस धावत जाऊन नवाकोरा खराटा घेऊन आला. मुठीवर लाल कापड.

मी यादवकडे चाकू मागितला. कापड फाडलं. आत तार होती. तीन वेढे, लोखंडी, चकचकीत.

ती तार माझ्या हातून खाली ठेववेना. लपवून काय करू, सगळ्यांनी पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी हे दहा सेकंदांचं काम मी केलं असतं तर. कॅप्टन साहेबांनी हळूच विचारलं, "साहब, ठीक हैं?" मी म्हटलं, "अब ठीक हूँ, सर।" तार काढून टाकली असती तर काड्या सुटल्या असत्या. बांधायला सुतळी शोधायची तर वेळ चाललेला.

शेवंताबाई पोलिसाच्या बाजूला उभी राहून हे सगळं बघत होती. तिकडूनच म्हणाली, "माझ्या घरात लक्ष्मी हाय. दाराच्या मागं. घ्या."

यादव तिच्या घरातून घेऊन आला. शिंदीची केरसुणी. चार दिवसांपूर्वी लक्ष्मीपूजनाला पुजलेली, मुठीवर हळदकुंकू, एकदाही न वापरलेली. शिंदीच्याच दोरीने बांधलेली. मी तरीही मूठ चाचपली. लोखंड कुठेच नव्हतं.

"आजी, लक्ष्मीला काळं लागेल."

"लागू द्या. घर राखायचं तिचंच काम हाय."

कॅप्टन साहेब पुढे झाले. "मैं जाता हूँ।"

"नहीं सर. आख़िरी झाड़ू उस्ताद का।"

"कौन उस्ताद?"

"शाम को बताऊँगा, सर।"

तीन-पाचला मी आत गेलो. फवारा, केरसुणी, तांब्याचं सुपलं. परत फवारा. भेग न् भेग. ओल्या दारूचा वास नाकात बसला. भीती वाटली का? वाटली. दर भेग झाडताना मी मनात उस्तादांशी बोलत होतो. इथे बघू का उस्ताद? बघ. झालं का? नाही झालं, कोपरा राहिला. असे आम्ही दोघं सव्वा तास झाडत होतो.

चार-वीसला शेवटचं सुपलं यादवच्या हातात दिलं. ओला फडका दोनदा फिरवला. दारात उभा राहिलो आणि छाती फुटेल एवढ्या जोरात ओरडलो.

"कमरा साफ! गिनती पूरी!"

उत्तर काय द्यायचं हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. जवान एकमेकांकडे बघत राहिले. एवढ्यात मागून शेवंताबाईचा आवाज आला.

"मग लावा की दार!"

पहिले कॅप्टन साहेब हसले, मग यादव, मग पोलीससुद्धा. मी पण हसलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. मी वळलो आणि त्या रिकाम्या खोलीचं दार लावलं.

संध्याकाळी पाच-वीसला खाणीच्या तळाला, उघड्या कातळावर, पातळ ओळींत पसरून दारू जाळली. ओली तेवढी पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवली. वाऱ्याची दिशा पाहून लांबच्या गच्च्यांवर लोकांना उभं राहू दिलं होतं. प्रत्येक ओळ पेटली की पांढरा धूर सरळ वर जायचा आणि गच्च्यांवरून शिट्ट्या. एवढ्या उपनगराचा दगड जिने फोडला, रस्ते, पूल, चाळी जिच्या जोरावर उभ्या राहिल्या, तिला असा मानाचा निरोप मिळाला. शेवटच्या ओळीला साहेबांनी वात माझ्या हातात दिली. सहा-पाचला ऑल क्लियर गेलं. वस्तीतल्या गणपती मंडळाच्या पोरांनी बेंजो काढला आणि जवानांना नाचवलं. कॅप्टन साहेब सगळ्यात वाईट नाचले. आमच्या रिपोर्टमध्ये दोन ओळी होत्या. कॅज्युअल्टी, निल. डॅमेज, निल. एकाही घराची एकही काच फुटली नव्हती. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी एवढा झकास रिपोर्ट दुसरा लिहिला नाही.

परतताना जीपमध्ये मी साहेबांना उस्तादांची गोष्ट सांगितली, खराट्यासकट. ते म्हणाले, "साहब, आज का काम उन्हीं का था।" पुढे त्यांनी आपल्या युनिटमध्ये हुकूम काढला की प्रत्येक नवा खराटा मूठ उघडून तपासायचा. तो हुकूम अजून चालतो असं यादव फोनवर सांगतो.

आता मी निवृत्त आहे. म्हातारीची रीत माहीत असलेले फार थोडे उरलो. शेवंताबाई आता त्याच जागी झालेल्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते आणि लिफ्टला शिव्या घालते. ती काळी केरसुणी तिने टाकली नाही. दर लक्ष्मीपूजनाला नवीबरोबर तिचीही पूजा होते, आणि मला फराळाचं बोलावणं असतं.

आमच्या घरात खराटा आला की मी आधी मूठ उघडतो, तार काढतो, सुतळी बांधतो. सुलभा, माझी बायको, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी म्हणायची, "अहो, गॅलरीत काय तोफ ठेवलीय?" या मार्चमध्ये, तीन नंबरच्या भडक्याच्या तारखेला, मी सकाळी दूध घेऊन आलो. दारामागे नवा खराटा होता. मी कात्री आणली आणि मूठ बघितली. सुतळी होती. गाठ चुकीची, पण सुतळी. तार कचऱ्याच्या डब्यात पडलेली.

"बघता काय?" ती आतून म्हणाली. "मला पण आता सवय लागली."

अकरा वाजता मी गॅलरी झाडायला घेतली. चप्पल बाहेर काढून ठेवली. कोपरे काढले, कुंड्यांच्या मागचं काढलं, पाणी मारलं. अकरा-चाळीसला काम संपलं. हवालदार किसन जगदाळे यांनी ज्या नऊ जणांसाठी आतून कडी लावली, त्यांतले सात आज आजोबा आहेत. दहावा मी बाहेर होतो.

"गिनती पूरी, उस्ताद," मी म्हटलं आणि गॅलरीचं दार बंद केलं.